रस्त्यावर गायची परवानगी (गोवा): पाचपैकी अडीच स्टार

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. गोव्यात रस्त्यावर, बागेत नाहीतर दर्यावर बसून गायला-वाजवायला जी परवानगी लागते तिला सेवा म्हणून मार्क द्यायचे झाले तर माझ्याकडून पाचपैकी अडीच, आणि त्यातला अख्खा एक स्टार एकट्या एका क्लार्क बाईंचा. लोक भाड्याच्या स्कूटरचा रिव्ह्यू टाकतात, फिश थाळीचा टाकतात, शॅकवरच्या मच्छरांचासुद्धा टाकतात, पण ह्या कामाबद्दल कोणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी सापडल्या नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

आम्ही तिघं. मी पेटी आणि गळा, मावसभाऊ घुमट-समेळ (घुमट म्हणजे कातडं चढवलेलं मातीचं वाद्य, समेळ त्याच्या जोडीचा ढोल), आणि ताळगावचा एक दोस्त गिटारवर. अभंग, जुनी नाट्यपदं, मधेच एखादं दुल्पद (गोव्याचं ठेक्यातलं कोकणी गाणं). फोंड्याकडच्या देवळांत भजनी सप्ताहात वाढलेली पोरं आम्ही, त्यामुळे गायला स्टेज लागतंच असं काही नाही, चार माणसं थांबली की झालं. डोक्यात एवढंच होतं की संध्याकाळी पणजीत कुठेतरी बसायचं, समोर डबा ठेवायचा, आणि पोलीस आला तर दाखवायला हातात एक कागद असावा.

तर तो एक कागद मिळत नाही. का, तर तसा कागद नाहीच. मासळीवालीला बाजारात जागा ठरलेली असते, गाड्याला लायसन, शॅकला सरकारची पॉलिसी, पायलटला (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला) पिवळ्या रंगाची मोटरसायकल आणि परमिट, पण रस्त्यावर गाणाऱ्याला ह्या खात्यात ना त्या खात्यात. सिंगापूरला नॅशनल आर्ट्स कौन्सिल ऑडिशन घेऊन कार्ड देतं, जागा ठरवून देतं, विषय संपला. आपल्याकडे दुसऱ्यांसाठी केलेल्या परवानग्यांचे तुकडे गोळा करून आपली गोधडी आपणच शिवायची. एक तुकडा जागेचा, एक आवाजाचा, एक पोलिसांचा, आणि वर दोन-तीन कायदे असे की ज्यांत तुमचं नाव नाही पण तुम्ही अलगद सापडता.

जागेचं सोपं आहे म्हणजे समजायला सोपं आहे, मिळायला नव्हे. पणजीत महापालिका, मडगाव-म्हापशात नगरपालिका, गावात पंचायत, किनाऱ्यावर पर्यटन खातं. जुन्या गोव्याच्या चर्चांच्या आवारात तर विचारूच नका, तिथे पुरातत्त्व खातं आणि त्यांच्या 1959 च्या नियमांत स्मारकात मनोरंजनाचा कार्यक्रम सरकारच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही असं स्पष्ट आहे. रेल्वे स्टेशन आणि डबे तर पूर्ण बाद, रेल्वे कायद्याच्या कलम 144 खाली भीक मागणं आणि विनापरवाना विक्री दोन्हीला मनाई आहे आणि टीसीला तुमचा मालकंस ऐकून फरक पडणार नाही.

आम्ही ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात गेलो असतो तरी हेच झालं असतं असं मला वाटतं. पहिल्या काउंटरवरचा माणूस चांगला होता पण त्याला आमचा प्रश्नच बसेना. लग्न? नाही. वाढदिवस? नाही. मग धार्मिक? तसं अभंग आहेत पण नाही. मग त्याने जो फॉर्म दिला तो सगळा मंडपवाल्या कार्यक्रमाचा. मंडपाचं माप, साउंड सिस्टीमवाल्याचं नाव, अपेक्षित गर्दी, पार्किंगची व्यवस्था. मावसभावाने मंडपाच्या रकान्यात लिहिलं 'सतरंजी, 4 फूट बाय 6 फूट'. पार्किंगच्या रकान्यात 'कदंबाने येतो' (कदंबा म्हणजे गोव्याची सरकारी बस). मी म्हटलं अरे चेष्टा वाटेल, तर म्हणाला चेष्टा कसली, खरंच कदंबाने येतो ना आपण. तो फॉर्म तसाच इनवर्डला गेला, शिक्का बसला, नंबर पडला. पुढे तो कुठल्या टेबलावर किती झोपला हा तपशील सोडतो, सरकारी टपाल सगळीकडे सारखंच झोपतं.

मग त्या क्लार्क बाई. आमचा फॉर्म वाचून आधी हसल्या, मग चष्मा काढून सरळ म्हणाल्या, "तुमगेलो स्पीकर किती मोठो?" दोस्ताने सांगितलं बॅटरीवरचा छोटा, खांद्याला लटकतो. बाई म्हणाल्या, "तो घरी ठेव मरे. स्पीकर नाका जाल्यार म्हजेकडे येवपाचेंच पडना." म्हणजे स्पीकर नको असेल तर माझ्याकडे यायलाच लागत नाही. सगळ्या भानगडीत ऐकलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य.

आता ह्याचं कारण नीट सांगतो कारण इथेच सगळ्यांची गाडी अडते. आवाजाचे नियम केंद्राचे आहेत, ध्वनिप्रदूषण नियम 2000. त्यात लाऊडस्पीकर किंवा पब्लिक अॅड्रेस सिस्टीम लेखी परवानगीशिवाय वापरायचीच नाही असं आहे. ती परवानगी आपल्याकडे डेप्युटी कलेक्टरच्या ऑफिसातून निघते आणि त्याला जागेच्या मालकाचं ना हरकत, पोलीस ठाण्याचं ना हरकत असं शेपूट लागतं. खांद्याला लटकणारा असो की ट्रकवर चढवलेला असो, नियमात स्पीकर तो स्पीकर. म्हणजे एका संध्याकाळच्या दीड तासासाठी तुम्ही त्याच रांगेत उभे राहता जिथे बीच वेडिंगवाला इव्हेंट मॅनेजर उभा आहे, फरक एवढाच की त्याच्याकडे पळायला माणूस आहे आणि तुमच्याकडे अर्ध्या दिवसाची रजा.

बरं परवानगी मिळाली तरी मर्यादा आहेतच. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, व्यापारी भागात 65, शांतता क्षेत्रात 50. रात्री हेच 45, 55 आणि 40. सार्वजनिक जागेत लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज ह्या आकड्यांपेक्षा 10 ने जास्त किंवा 75, ह्यातला जो कमी असेल तो, त्याच्यावर जाता कामा नये. आकडे कागदावर बरे दिसतात. दोन माणसं समोरासमोर नेहमीसारखी बोलली तरी 60 च्या आसपास जातं हो. आम्ही मोबाईलवरच्या अॅपने मोजून बघितलं (ते अॅप कोर्टात चालणार नाही हे माहीत आहे, पण अंदाज येतो), पेटीचा भाता पूर्ण दाबून दोन माणसं गायलो तर चार हातांवर आकडा सत्तरीच्या वर, आणि तेवढ्यात एक बुलेट गेली तर पंचाऐंशी. बुलेटला कोणी परवानगी विचारली नाही हा भाग वेगळा.

रात्री 10 ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे पण अर्धीच. लोक समजतात दहानंतर फक्त स्पीकर बंद. नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्यसुद्धा नाही, नियमात सरळ 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट' आणि आवाज करणारं कुठलंही साधन असं आहे. बंद हॉलमध्ये चालतं, उघड्यावर नाही. म्हणजे साडेदहाला मिरामारच्या वाळूत गिटार घेऊन बसलेली कॉलेजची पोरं कागदावर नियम मोडत असतात, भले आवाज लाटेच्या खाली जात असो. सरकारला वर्षात 15 दिवस सण-समारंभांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ते दिवस कुठे जातात ते जत्रेतल्या नाटकवाल्यांना विचारा, तेच त्यावर डोळा ठेवून असतात.

आणि शांतता क्षेत्र. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट ह्यांच्या भोवती 100 मीटर, 2017 नंतर सरकारने जाहीर केलेल्या जागा. तिथे काय काय करू नये ह्याची नियमात यादी आहे, ढोल बडवणं, हॉर्न, फटाके, आणि तिच्यात एक कलम असं की गर्दी जमेल असे नकलांचे, गाण्याचे किंवा इतर खेळ करून दाखवणं. घ्या! सगळ्या नियमावलीत आमच्यासारख्याचं इतकं हुबेहूब वर्णन एकाच ठिकाणी आहे आणि तेही काय करू नका ह्या यादीत. पणजीसारख्या शहरात शाळा, कॉलेज, कोर्ट, दवाखाने एकमेकांना खेटून आहेत, नकाशावर शंभर मीटरची वर्तुळं काढत बसलात तर बसायला नदी उरते.

पोलीस ह्या बाबतीत इतके कडक का ह्याचंही कारण आहे, ते उगाच आपल्यावर डूख धरून नाहीत. हणजूण-वागातोरच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांच्या आवाजावरून हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने प्रशासनाला पुन्हापुन्हा सुनावलं आहे, तेव्हा ठाण्यातला प्रत्येक जण आवाज म्हटला की आधी स्वतःची नोकरी आठवतो. सबवूफरवाल्यांनी खाल्लं आणि बिल पेटीवाल्याला आलं असं आहे हे.

पैशाचा भाग. समोर डबा ठेवला की तुम्ही कलाकार की भिकारी हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने खरोखर उघडा आहे, हसण्यावारी नेऊ नका. गोव्याचा भीक प्रतिबंधक कायदा 1972 चा, आणि ज्या मुंबईच्या 1959 च्या कायद्याच्या वळणावर देशातले बरेचसे असे कायदे बेतलेत त्यात भिकेच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं ह्या निमित्ताने पैसे मागणंसुद्धा येतं. दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये दिल्लीपुरती भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण ते दिल्लीपुरतं. वर आपल्याकडे 2001 चा पर्यटनस्थळ संरक्षण कायदा, त्यात 2025 च्या दुरुस्तीने पर्यटकांना त्रास ह्या सदरात दलाली, भीक, नको तिथे विक्री असं बरंच काही घालून दंड 5,000 पासून 1 लाखापर्यंत नेला आहे. तो दंड किनाऱ्यावर मसाजवाल्यांच्या आणि वॉटर स्पोर्ट्सच्या दलालांच्या त्रासामुळे आला हे कबूल, पर्यटकाच्या मागे मागे फिरणाऱ्या त्या जमातीचा मलाही वैताग आहे. पण दर्यावर बासरी वाजवणारा पोरगा त्यातून वेगळा काढायचा तर कायद्यात त्याचं नाव तरी हवं ना.

दुसऱ्या बाजूने फेरीवाल्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात नुसता माल विकणारा नाही, लोकांना सेवा देणारासुद्धा येतो. गाणं ही सेवा धरायची का? मी धरतो. टाउन व्हेंडिंग कमिटी धरते का हे कोणी तरी एकदा अर्ज करून तडीस न्यायला पाहिजे. आम्ही ज्याला विचारलं तो म्हणाला गाडा कुठे आहे तुमचा. गाडा नाही. मग कसले फेरीवाले.

व्यवहारात आम्ही काय करतो ते सांगतो. मागत नाही, डबा फिरवत नाही, गाण्याच्या मधे "कृपया सढळ हाताने" वगैरे काही नाही. पेटीच्या खोक्याच्या झाकणावर एक क्यूआर चिकटवला आहे, ज्याला द्यायचे तो देतो. सुरुवातीला दोस्ताने त्याच्या भावाच्या दुकानातला तो पैसे आले की बोलणारा डबा आणला होता. विलंबित चाललंय, आलापी आत्ता कुठे बसतेय, आणि मधेच बाई खणखणीत आवाजात "दहा रुपये प्राप्त हुए". पब्लिक हसून हसून लोळली, त्यावर आणखी चौघांनी मुद्दाम दहा-दहा टाकले. धंद्याच्या दृष्टीने उत्तम, गाण्याच्या दृष्टीने सत्यानाश, तो डबा परत दुकानात गेला.

सोपो. गोव्याबाहेरच्यांसाठी: बाजारात जागा अडवून बसणाऱ्याकडून पालिका जो रोजचा कर घेते तो. एका बाजारात (कुठल्या ते राहू द्या) सोपोवाला पावतीबुक घेऊन आला, आमच्याकडे बघितलं, सतरंजीकडे बघितलं, विचारलं विकता काय. म्हटलं काही नाही. तो बिचारा दोन मिनिटं तसाच उभा, कारण त्याच्या बुकात भाजी, फुलं, कपडे, सगळ्यांचे रेट, गाण्याचा रेट नाही. मी म्हटलं घे बाबा, फुलांचा लाव. खरं सांगू का, मला ती पावती मनापासून हवी होती. पावती म्हणजे पालिकेने तुम्ही इथे आहात हे मान्य केलं. त्याने नाही लावली. एक दुल्पद ऐकलं आणि पुढे गेला.

जागांबद्दल, कारण रिव्ह्यू म्हटल्यावर लोक तेच शोधतात. पणजीत चर्च स्क्वेअरची गार्सिया द ऑर्ता बाग सगळ्यात सुंदर, झाडं आहेत, बसायला बाकडी आहेत, संध्याकाळी म्हातारी मंडळी असतात जी नाट्यपदाला मान डोलावतात, पण बाग पालिकेची म्हणजे परवानगीशिवाय आत सतरंजी पसरू नका, बाहेरच्या फुटपाथवर पसरलीत तर येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडवल्याचा प्रश्न येतो. तो गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये आहे, दंड 5,000 पर्यंत, पूर्वी आयपीसीत 200 होता. म्हणून फुटपाथवर बसायचंच असेल तर भिंतीला पाठ लावून आणि बाबागाडी सहज जाईल एवढी जागा सोडून. मांडवीच्या काठाने दयानंद बांदोडकर रस्त्यावर वारा छान, पण कॅसिनोच्या जेटींच्या पुढ्यात गाणं ऐकू येत नाही, पार पुढे कांपालच्या बाजूला सरकावं लागतं. फोंताइन्यस फोटोत दिसतं म्हणून जाऊ नका. ती लोकांची घरं आहेत, तिथली माणसं आधीच फोटोशूटवाल्यांना वैतागली आहेत, त्यांच्या खिडकीखाली आपण आणखी पेटी घेऊन बसायचं म्हणजे कागद असला तरी माणुसकी नाही.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आम्हाला सगळ्यात मानवला. तिथे गोंगाट इतका असतो की 55 डेसिबल वगैरे सगळं विसरा, आणि चणे-चोरीस (चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज) घेऊन चाललेल्या बायका थांबून पूर्ण अभंग ऐकतात, पर्यटक थांबतो तो व्हिडिओपुरता. हरमलला सूर्यास्ताचं ड्रम सर्कल आहे, मजा येते, पण तिथला प्रकार वेगळा, आणि परदेशी दोस्तांना एक सांगून ठेवा की टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन वाजवणं व्हिसात बसत नाही. मडगावला अजून बसलो नाही.

घुमटवाल्यांना वेगळी सूचना. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण तुमच्या आज्याचं घुमट घोरपडीच्या कातड्याचं असेल तर ते घेऊन चौकात बसू नका, घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे. आता बकऱ्याच्या कातड्याची घुमटं मिळतात, नाद तितका खोल नाही असं मावसभाऊ म्हणतो, मला फरक कळत नाही आणि रस्त्यावरच्या कोणालाच कळत नाही. आम्हाला एकदा हवालदाराने बाकी सगळं सोडून हेच विचारलं. "हांगा किदें चल्लां?" (इथे काय चाललंय?) अशी सुरुवात झाली, वाटलं आता उठवतो, तर घुमट हातात घेऊन कातड्याला अंगठा लावून बघितला, "बोकड्याचें मरे?" म्हटलं होय. मग स्वतःच चार मात्रे वाजवून दाखवले, आणि त्याचा हात आमच्या भावापेक्षा बरा निघाला. पेडण्याकडचा होता. जाताना म्हणाला आठ वाजता आटपा.

गाण्यांच्या हक्काचं थोडक्यात. कवी-संगीतकार जाऊन 60 वर्षं झाली की रचना मोकळी, म्हणून संतांचे अभंग आणि बरीचशी जुनी नाट्यपदं बिनघोर. नवीन सिनेमाची गाणी सार्वजनिक जागेत गायची तर कागदोपत्री आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) विषय येतो, आणि तयार ट्रॅक लावून गायचं म्हणजे रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, ते पीपीएलसारख्यांकडे. गोव्यात हा वाद लग्नांवरून पेटला होता, लग्नाच्या पार्टीत वाजवायला पैसे नकोत असं सरकारचं परिपत्रक जानेवारी 2024 मध्ये निघालं आणि ऑगस्टमध्ये गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. सतरंजीवाल्याच्या मागे आजवर कोणी बिल घेऊन आलेलं मी तरी बघितलं नाही, पण कराओके लावून गाणाऱ्यांनी माहीत ठेवावं. तसंही कराओके म्हणजे स्पीकर, म्हणजे परत डेप्युटी कलेक्टर.

लहान पोरांना बरोबर बसवणार असाल तर पैशाचा डबा अजिबात नको. मुलाला भीक मागायला लावणं बालन्याय कायद्याच्या कलम 76 मध्ये येतं, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. तुमचा भाचा तबला छान वाजवत असेल, त्याला देवळात वाजवू द्या.

आता अडीच स्टार का. माहितीला शून्य, कारण एकाही ठिकाणी लिहून लावलेलं नाही की गाणाऱ्याने कुठे जायचं, प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं. खर्चाला अर्धा, फी स्वतः फारशी नाही, रजा आणि जिरॉक्स मात्र खातात. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या वागणुकीला एक, हे मी मनापासून देतो. गोव्यातला पोलीस आणि पालिकेचा माणूस गाणं चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत थांबतो, निदान आमच्या वाट्याला आलेले तरी थांबले, आणि इतर शहरांत वाजवणारे मित्र जे सांगतात त्यामानाने हे फार आहे. उरलेला एक त्या बाईंचा.

जे खटकतं ते हे. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, मग कार्निव्हल, मग शिगमो म्हणजे आपला शिमगा, ह्या महिन्यांत हेच फुटपाथ, हेच बांध स्टेज होतात, रोमटामेळ (शिगम्याची ढोल-ताशांची मिरवणूक) रस्ता अडवून जातं आणि मंत्री टाळ्या वाजवतात, मला ते आवडतंच, मी स्वतः रोमटात ढोल वाजवलाय. म्हणजे रस्त्यावरची कला इथे कोणाला नको आहे असं मुळीच नाही. फक्त ती सरकारने बोलावली की संस्कृती आणि आपण होऊन आली की मंडपाचं माप किती. पणजीत दहा जागा ठरवा, तास ठरवा, स्पीकरशिवाय अशी अट घाला, नाव नोंदवून वर्षाचं कार्ड द्या, हवं तर सोपो घ्या. कला-संस्कृती खातं वृद्ध कलाकारांना कला सन्मान देतंच, त्याच्या आधीची तीस-चाळीस वर्षं कलाकाराने कुठे बसायचं तेवढं ठरवायचं राहिलं आहे.

ज्यांना तरीही करायचं आहे त्यांनी असं करा. स्पीकर घरी. संध्याकाळी साडेपाच ते आठ. महापालिका किंवा पंचायतीला साध्या कागदावर जागा, वार, वेळ आणि 'ध्वनिवर्धक नाही' असं ठळक लिहून अर्ज, आणि त्याच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घ्यायला विसरू नका. अर्ज दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे, उत्तर येईपर्यंत कोणी ऊठ म्हटलं तर उठायचं. पण शिक्का असलेला कागद बघून समोरच्याचा आवाज दोन पट्ट्या खाली येतो. तीच कॉपी जवळच्या पोलीस आउटपोस्टवर देऊन या, तिथल्या माणसाला एकदा तोंड दाखवलेलं बरं. क्यूआर लहान, सतरंजी त्याहून लहान. फॉर्ममध्ये पार्किंगचा रकाना आला तर कदंबा लिहा, आमचं चाललं.